हे गाव कोनाचं हाये?

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आयुष्यभर मी मराठी शिकवले. म्हणजे इतरांनी लिहिलेले समजावून सांगितले आणि मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. एवढ्या पुंजीवर साठीनंतर लेखणी हाती धरणे हे धारिष्ट्य आहे, आणि धारिष्ट्य हा माझा गुण कधीच नव्हता. सभेत बोलण्याची पाळी जवळ आली की मी पाणी प्यायला बाहेर जात असे. वाचकांनी सांभाळून घ्यावे. ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचे नाव देणार नाही आणि माझेही देणार नाही. त्यांचे न देण्याचे कारण आदर हे आहे. माझे न देण्याचे कारण पुढे कळेल.

आमची आश्रमशाळा हेमलकशाच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून आत, एका नाल्यापलीकडे होती. मी सावली तालुक्यातला, धानाच्या बांधांवर वाढलेला. जंगल मला एसटीच्या खिडकीतून तेवढे ठाऊक होते. शाळेत आम्ही सगळे ‘सर’ होतो. ते एकटे ‘गुरुजी’ होते. माडिया आदिवासी होते, त्यांच्या गावातून मास्तर झालेले पहिलेच. ठेंगणे, काटक, नेहमी पांढरा सदरा, आणि नाला ओलांडताना चपला हातात. नाला कोरडा असला तरी चपला हातातच.

त्यांच्याकडे प्रत्येक गावाला भुमिया असतो. गावची जमीन, पाणी आणि देव ज्याच्या हवाली आहेत असा माणूस. बाहेरच्याने त्या हद्दीत लाकूड तोडायचे, मासे धरायचे, इतकेच काय, नाचायचे असले तरी आधी भुमियाला विचारायचे. त्याने हो म्हटले की काम सुरू. त्याने एखादी अट घातली तर ती आधी पुरी करायची. हा नियम गुरुजींनी गावापुरता न ठेवता साऱ्या जगाला लावला होता, आणि त्यामुळे जग त्यांना विक्षिप्त समजत असे.

स्वतःच्याच शिक्षककक्षाच्या दाराशी ते रोज थांबत. आतून कोणी ‘या’ म्हटल्याखेरीज पाऊल टाकत नसत. शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाची काडी दातांसाठी तोडायची, तर ते झाड ज्याने लावले त्या शिपायाला आधी शोधत. शिपाई वैतागे.

“गुरुजी, तोडा न बा! रोज काऊन विचारता? झाड का माह्या बापाचं हाये?”

“लावलं तुमी न?”

“लावलं.”

“मंग रोजचं पान रोज नवं येते. रोज विचारा लागते.”

उन्हाळ्यात एकदा मी घरून कैरीचे लोणचे आणले होते. सगळ्यांनी बोटे चाटली, गुरुजींनी हात लावला नाही. त्यांच्या गावचे पंडुम, म्हणजे नवे फळ आधी देवाला दाखवण्याचा सण, अजून व्हायचा होता. “तुमच्या सावलीले झालं असन, सर,” ते म्हणाले, “आमच्या आंब्याले अजून कोनी विचारलं नाई.” महिनाभराने त्यांनी आपण होऊन बरणी मागून घेतली आणि एका बैठकीत निम्मी संपवली.

तपासणीला आलेल्या एका साहेबांची गोष्ट तर आमच्या भागात अजून सांगतात. जीप थांबली, साहेब उतरले. गुरुजी पुढे झाले आणि हात जोडून अत्यंत विनयाने त्यांनी विचारले, “साहेब, विचारून आले न?” साहेबांचा चेहरा उतरला. आमच्या जंगलात हा प्रश्न ऐकल्यावर परक्या माणसाच्या मनात बंदूकवाल्यांखेरीज दुसरे काय येणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिले, ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितले आणि उभ्याउभ्याच तपासणीवहीत ‘समाधानकारक’ असा शेरा लिहून चहा न घेता निघून गेले. गुरुजींना शेवटपर्यंत कळले नाही की त्यांचे काय चुकले. “भुमिया इथीच तं बसला होता, झाडाखाली. विचाराले किती टाइम लागते?” असे ते म्हणत राहिले.

वेळेचे मात्र त्यांना काही नव्हते. घड्याळ ते वापरत नसत. “टाइम तुमच्यापाशी हाये न, सर. दोघांनी काऊन बाळगायचा?” असे म्हणत. तासाची घंटा झाली की मीच त्यांना खूण करत असे. वर्षानुवर्षे.

त्यांची एकच इच्छा होती, आणि तिच्यासाठी त्यांना मुख्याध्यापक व्हायचे होते. पहिलीत येणारे माडिया मूल मराठीतला एक शब्दही जाणत नाही. ते वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसते, आणि दुसऱ्या वर्षी पळून जाते. गुरुजींनी या मुलांसाठी माडियातून मराठीकडे नेणारी धड्यांची पुस्तके स्वतःच्या हाताने लिहिली होती, चित्रांसह. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी ती पाहून “वरून आदेश नाही” एवढेच सांगितले. गुरुजींनी विचारले होते, नाही असे उत्तर आले होते. त्यांच्या नियमात पुढे काही बसत नव्हते. पण ते मुख्याध्यापक दोन वर्षांत निवृत्त होणार होते. ज्येष्ठतायादीत पुढचे नाव गुरुजींचे होते आणि त्याखालचे माझे.

“मंग मीच मले विचारीन,” ते एकदा हसून म्हणाले, “अन् मीच हो म्हनीन.”

त्याच सुमारास आमच्या मुलींच्या रेला नृत्याची मुंबईच्या एका मोठ्या महोत्सवासाठी निवड झाली. आठ मुली, गुरुजी, वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई आणि पथकप्रमुख म्हणून मी. बाईंना प्रवास बाधला. त्या मुक्कामाच्या खोलीतच पडून राहिल्या. संयोजकांनी दिलेल्या छापील कागदावर सकाळचा कार्यक्रम होता: गेटवे, मत्स्यालय, चौपाटी, नटांचे बंगले (बाहेरून). सायंकाळी सहा वाजता रंगमंचावर.

सकाळी गुरुजी माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि उभे राहिले. मी ‘या’ म्हटले.

“सर, आज पोरी नाचून राह्यल्या ह्या गावात. गावाले विचारलं नाई आपन.”

“गुरुजी, संयोजकांनीच बोलावले आहे.”

“ते तं पाव्हणे दिसते मले. ते पुण्याचे, ते दिल्लीचे. गाव कोनाचं हाये?”

 मुलींना घेऊन ते मुक्कामाखालच्या रस्त्यावर उतरले आणि भेटेल त्याला विचारू लागले. मी मागे होतो. लाजेने चार पावले अंतर ठेवून. पहारेकरी म्हणाला, “सेठ का है, और किसका?” चहावाल्याने चौकातल्या फलकावरच्या पुढाऱ्याकडे हनुवटी उडवली. पोलीस म्हणाला, “तक्रार काय आहे तुमची? ते आधी सांगा.” वर्तमानपत्रे विकणारा म्हातारा गुरुजींना न्याहाळत म्हणाला, “ज्याचं भाडं थकलेलं नाही त्याचं.” आठही मुली ही उत्तरे आपसात माडियात सांगून खिदळत होत्या.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली बाई समोरून आली. हिरवे लुगडे, केसांत अबोलीचा गजरा, वय सत्तरीच्या घरात.

“बाई, हे गाव कोनाचं हाये?”

ती चालता चालताच म्हणाली, “आमचा. कुनाचा आसंल?”

गुरुजी थबकले. मग माझ्याकडे वळले. रस्त्याच्या मधोमध, गर्दीचे धक्के खात, त्यांनी हात जोडले.

“सर, तुमी पथकप्रमुख. हिच्यासंगं जाऊ का? पोरीयले घेऊन?”

मी घड्याळ पाहिले. अकरा वाजत होते. सहाला पुष्कळ अवकाश होता. नटांचे बंगले बाहेरून पाहण्याची मलाही हौस नव्हती. मी म्हणालो, “चला. मीही येतो.” हे माझे शब्द आहेत. ते नीट लक्षात ठेवावेत अशी विनंती आहे.

तिच्या मागोमाग आम्ही चालत गेलो. काचेच्या एका उंच इमारतीला वळसा घातला, आणि तिच्या पाठीशीच, जणू कोणाचा विसरून राहिल्यासारखा, कोळीवाडा निघाला. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने आडवे व्हावे अशा गल्ल्या, ओट्यांवर निळ्या जाळ्यांचे ढीग, आणि गल्ली संपते तिथे समुद्र. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. गुरुजींनी बांबूवर नख मारून पाहिले आणि नुसतीच मान हलवली. आमच्या मुलींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. एकीने बोट बुडवून चाखले आणि थुंकून मला विचारले, “सर, एवढं मीठ कोन टाकला जी?”

गुरुजी वाड्याच्या तोंडाशीच चपला काढून उभे होते. म्हातारीने पाटी उतरवली.

“काय रं बाबा, मागं मागं कशाला आलास? मासली पाहिजे?”

“नाई, बाई. आमी गडचिरोलीचे. जंगलातले. सांच्याले आमच्या पोरी तुमच्या गावात नाचून राह्यल्या. मनून विचाराले आलो. नाचू का?”

तिला समजायला वेळ लागला. समजले तेव्हा ती इतकी हसली की ओट्यावर बसली, आणि बाकीच्या बायकांना हाका मारू लागली. “आवं ऐकलंत का गो? ह्यो बाबा आपल्याला इचारायला आलाय! नाचू का म्हनतोय!” आठदहा जणी जमल्या. एक म्हणाली, “आमाला? आमालाच हितं बसाया उद्या कुनाला इचारावं लागंल त्ये ठावं नाय.” दुसरी म्हणाली, “परवा त्ये बिल्डरचं लोक टेप घेऊन आलते मोजाया. बूट घालून देवाच्या ओट्यावर चढलं. कुनी इचारलं?”

हसणे हळूहळू थांबले. म्हातारीने गुरुजींच्या अनवाणी पायांकडे पाहिले. मग ती उठली, पदर खांद्यावरून ओढून घेतला, घरातून नारळ आणला आणि पाण्याच्या कडेला जाऊन काहीतरी पुटपुटून तो समुद्रात सोडला. परत आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. आमच्याकडचा भुमिया बोलताना जसा होतो तसाच, असे गुरुजी नंतर म्हणाले.

“नाचा,” ती म्हणाली. “पन पयलं हितं. आमच्या देवाम्होरं. मंग कुठं बी.”

अट आली होती. गुरुजींच्या दृष्टीने आता प्रश्नच उरला नव्हता.

बायकांनी आम्हाला आधी जेवू घातले, सोडले नाही. मुलींनी बोंबील तीनतीनदा मागून घेतले. मग देवळासमोरच्या मोकळ्या जागेत मुलींनी हात गुंफले. मी एका उलट्या घातलेल्या होडीवर बसलो होतो. रेला सुरू झाला, आणि तीन वाजता माझा फोन वाजला.

संयोजक बोलत होते. प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचे आहे. क्रम बदलला आहे. तुमचे पथक चार वाजता रंगमंचावर हवे. मी “बरे” म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

उठून दोन शब्द बोलायचे होते. एवढेच काम होते. पण नाच रंगात आला होता. म्हातारी स्वतः दोन मुलींच्या मध्ये हात गुंफून पाय टाकत होती, चुकत होती, बायका तिला टोमणे मारत होत्या. एवढ्या परक्या माणसांसमोर उभे राहून, मोठ्याने ‘थांबा’ म्हणायचे! ही ओळ संपू दे, म्हटले. मग पुढची. मी अर्धा तास बसून राहिलो. आज मी याला लाजाळूपणा म्हणत नाही. त्या वेळी म्हणत होतो.

साडेतीनला मी गुरुजींच्या कानाशी सांगितले. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. मुलींना हाक मारली. आम्ही धावलो. रस्ते तुंबले होते. सभागृहाच्या मागच्या दाराने शिरलो तेव्हा साडेचार वाजत आले होते, आणि रंगमंचावर ‘आदिवासी नृत्य’ चालू होते. शहरातल्या कुठल्याशा शाळेच्या मुली होत्या. भाड्याने आणलेली कागदी पिसे, गालांवर पांढरे ठिपके, हातांत पुठ्ठ्याचे भाले. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवत होते. आमच्या आठ जणी विंगेत उभ्या राहून पाहत राहिल्या. गुरुजीही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “पोरी नाचून तं बऱ्या राह्यल्या.”

परत आल्यावर चौकशी लागली. नियोजित मार्ग सोडून मुलींना अनोळखी वस्तीत नेले, कार्यक्रम चुकवला, जिल्ह्याचे नाव घालवले. वरच्या कार्यालयातून छापील कागद आला. त्यात मला दोन प्रश्न होते. मुलींना अन्यत्र नेण्यापूर्वी आपली संमती विचारली होती काय? वेळेतील बदल आपणास केव्हा कळला?

चौकशी अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, “सर, तुम्ही पथकप्रमुख. दोघांपैकी एकावर जाणार हे. विचार करून लिहा.” मी विचार केला. माझे घर बांधायचे चालले होते, मुलीचे लग्न ठरत होते. अशी कारणे पुष्कळ होती आणि ती सगळी खरी होती. पहिल्या प्रश्नापुढे मी लिहिले: ‘नाही.’ दुसऱ्यापुढे: ‘प्रवासात असताना, उशिरा.’

जो माणूस कडुलिंबाची काडी विचारल्याखेरीज तोडत नव्हता, त्याने आठ मुली मला न विचारता नेल्या, असे मी सुवाच्य अक्षरात लिहून दिले.

कागद नेण्यासाठी शिपाई आला. लिफाफा बंद नव्हता. त्याने वाचले असावे. दारातून परत वळून तो म्हणाला, “सर जी, गुरुजीनं विचारलं नाई?” मी लेखणीचे टोपण लावत राहिलो. “गुरुजीनं?” तो पुन्हा म्हणाला, आणि निघून गेला. त्या दिवसापासून त्याने मला कधी आपण होऊन पाणी आणून दिले नाही.

गंमत अशी की ते कोणालाच खरे वाटले नाही. अधिकाऱ्यांनाही नाही, त्यांनी गुरुजींना ओळखले होते. पण कागदावर होते, आणि कागद पुरला. गुरुजींनी आपल्या जबाबात एकच वाक्य लिहिले: ‘मी गावाला विचारायला गेलो होतो.’ मला विचारले होते, हे त्यांनी लिहिले नाही. का लिहिले नाही, हे तेव्हा मी स्वतःलाही विचारले नाही. त्यांच्या सेवापुस्तकात ‘बेजबाबदार, मुलींच्या सुरक्षिततेस धोका’ असा शेरा पडला. त्यांची बदली जिवतीच्या डोंगरावर झाली, माडियाचा एक शब्द न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत. ज्येष्ठतायादीतून त्यांचे नाव गेले. दोन वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो.

जाताना त्यांनी ती हाताने लिहिलेली पुस्तके माझ्या टेबलावर ठेवली होती. मी ती वापरली नाहीत. वापरली असती तर रोज पहिलीच्या वर्गातून त्यांचे शब्द ऐकू आले असते. मी लोकांना सांगत असे की वरून आदेश नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. तेही निवृत्त होऊन परतले होते. अंगणाच्या कुडाशी थांबलो. ते मोहाच्या झाडाखाली बसले होते. लगेच “या, सर” म्हणाले. त्यांच्या पत्नीने पाणी दिले. मी सगळे सांगितले: फोन, अर्धा तास, कागद. गुरुजी म्हणाले,

“मले मालूम हाये. शिपायानं तवाच सांगलं होतं.”

“मग तुम्ही जबाबात का लिहिले नाही?”

“लिवलं असतं तं दोघांतला एक खोटा ठरला असता. तुमच्या घरी लेकीचं लगन होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे वाटले असते. “पन सर, तो कागद लिवाच्या पयले तुमी मले काऊन नाई विचारलं? मी हो म्हनलो असतो.”

मी उठलो. अंगणापलीकडे पहिलीच्या वयाची दोनतीन मुले खेळत होती; त्यांच्या बोलण्यातले मला काही कळत नव्हते.

परत आल्यावर मी अर्ज लिहिला. माझा जबाब खोटा होता, संमती मी दिली होती, विलंब माझा होता. तरी त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा काढून टाकावा. कार्यालयातल्या लिपिकाला नुसते विचारून पाहिले तर तो म्हणाला, “फाईल बंद हाये, सर. उघडली तं त्यायले म्हाताऱ्या वयात चार खेपा सुनावणीले यावं लागन, अन् तुमच्यावर बी येईन. कायले खाजवता?” गुरुजींना पत्र लिहून कळवले. त्यांचे उत्तर आले, एका ओळीचे: ‘माझ्या गावात माझे नाव ठीक आहे. तुमच्या गावात तुमचे कसे आहे ते तुम्ही पाहा.’

शेरा निघाल्याने त्यांना गेलेली वर्षे मिळणार नाहीत. त्या मुलांना ती पुस्तके मिळणार नाहीत. ती वाळवीने खाल्ली. हलके वाटेल ते फक्त मला, आणि त्यासाठी त्यांना चार वेळा जिल्ह्याच्या गावी यावे लागेल. अर्ज सही करून ठेवला आहे. तीन महिने झाले.

मी तो द्यावा का?